डोमाजीचं खुराडं

गंगूबाईनं ढेकूळ मारलं ते वांग्याची रोपं वाचवायला, कोंबडी मारायला नव्हे, असं ती पंचांपुढं शपथेवर सांगत होती. शपथ खरीही असेल. पण हिशेब असा होता की रोपं सात मोडली होती, कोंबडी एक मेली होती, आणि ती नेमकी अंड्यावरची होती.

कोंबडी केशरबाईची, वाफा गंगूबाईचा. दोघींच्या मध्ये बाभळीच्या काट्यांचं कुंपण. त्यातून इकडच्या कोंबड्या तिकडं जात, इकडच्या न्हाणीचं पाणी तिकडं जाई, शिव्या तर दोन्हीकडून जात. तिकडून इकडं सांबाराची काडी मात्र कधी आली नाही. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. गंगूबाई आणि तिचा नवरा शेषराव माळी बाळापूरच्या बाजारात भाजी नेत. दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं नावही निघत नसे. केशरबाईच्या न्हाणीचं पाणी वांग्यांना फुकट मिळे, त्याची तक्रार गंगूबाईनं कधी केली नाही. पाण्याला बाट नसतो, कोंबडीला असतो, असा तिचा हिशेब.

पंचांनी निकाल दिला की केशरबाईनं कोंबड्या आवराव्यात. यापुढं वाफ्यात कोंबडी दिसली तर गंगूबाईनं काय वाटेल ते करावं. पंच पान खाऊन उठले. केशरबाई घरी आली आणि उरलेल्या तीन कोंबड्यांकडं बघत उंबऱ्यावर बसली.

तीन कोंबड्या म्हणजे तिला काय होत्या, हे सांगायला हवं. तिचा नवरा डोमाजी अकोल्याच्या एका जिनात आठ वर्षं रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर, होता. सरकीतून रुई सुटते, आणि हवेत उडतो तो भुगा माणसाच्या छातीत जातो. गाठी बांधून मालक रुई घेऊन गेले, भुगा डोमाजीकडं राहिला. दसऱ्याच्या आधी त्याला बैलगाडीत घालून घरी आणलं, तेव्हा गाडीवानानं विचारलं होतं, खाली उतरवायचं ते माणूस आहे की बोचकं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की गोळी एकटी काही करत नाही, पोटात रोज दोन अंडी जायला हवीत. नाहीतर होळी पाहील असं वाटत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी केशरबाईला बाहेर नेऊन सांगितलं. तिनं ते कोणाला सांगितलं नाही. डोमाजीनं विचारलंही नाही, म्हणजे त्याला ठाऊक होतं.

"दिवसभर डाल्याखाली झाकून ठेवतो," ती म्हणाली.

"डाल्याखाली कोंबडी घुदमरते. अंडं देत नाई. खुराडं पायजे."

"बांधणार कोन? तुमी?"

"डोकं माहं, हात तुहे," डोमाजी म्हणाला आणि खाटेवर उठून बसला. महिन्याभरात तो आधाराशिवाय पहिल्यांदा बसला होता.

त्यानं चुलीतला कोळसा मागितला आणि ओसरीच्या भिंतीवर खुराडं काढलं. लांबी चार फूट, रुंदी तीन. जिनातून येताना त्यानं फक्त एक लोखंडी फूटपट्टी आणली होती, ती उशाखालून काढली. आमच्या गावात घरंसुद्धा कोणी इतकी मोजून बांधली नव्हती. लोक येऊन बघून जात. एक म्हणाला, डोमाजी, याले दरवाजावर पाटी बी लाव, कोंबडी भवन म्हणून. डोमाजीनं त्याला बाजूला सरकायला सांगितलं, भिंतीवर सावली पडत होती.

त्याची खरी अक्कल तख्त्यात, म्हणजे तळाच्या फळीत होती. गावरान कोंबडी पाच-दहा अंडी झाली की त्यांवर खुडूक होऊन बसते आणि अंडी देणं बंद करते. मग तिला अंडं दिसूच द्यायचं नाही. तख्त्याला समोरच्या बाजूनं तीन बोटं उतार ठेवायचा, पुढच्या फळीखाली फट ठेवायची. अंडं पडलं की घरंगळत बाहेर येईल आणि रुई भरलेल्या लाकडी खोक्यात थांबेल. रेच्यातून सरकी जशी आपोआप खाली येते तसं. कोंबडी मागं वळून बघेल तर काही नाही. मग तिला वाटेल, आपलं काम राहिलंच आहे.

"बिचारी," केशरबाई म्हणाली.

"मालकानं आमच्यासंग तेच केलं. कोंबडीनं काय घोडं मारलं?"

सामान जमायला चार दिवस लागले. कुडाला तुराट्या आल्या, बांधायला अंबाडीची दोरी, छपराला नऊ कवेलू. पायांना चार विटा निघाल्या पडक्या ओट्याच्या. तख्त्याला मात्र चांगली रुंद फळी कुठं मिळेना. शेवटी केशरबाईनं घरातली जुन्या देव्हाऱ्याची सागवानी फळी काढली. पाच वर्षांमागं वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा त्या फळीवरचे देव टोपल्यात भरून बाळापूरच्या मन नदीत सोडले होते. फळी तेवढी राहिली होती, तिच्यावर आजपर्यंत पिठाचा डबा असे.

"हे चालीन का?" तिनं विचारलं.

"सागवान हाय. देवाले पेललं, कोंबडीले नाई पेलणार का?"

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. केशरबाई पहाटे उठून तासभर कूड विणी, मग दिवसभर दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जाई, आणि दिवेलागणीआधी परत येऊन पुन्हा परसात बसे. डोमाजी ओसरीवरून ओरडून मापं सांगे. ओरडलं की खोकला येई, खोकला आला की माप अर्धं राही, आणि ती हातात कोयता धरून उरलेल्या मापाची वाट बघत थांबे. खाटेपासून परसाच्या दारापर्यंत एकोणीस पावलं होती. डोमाजीला आठ चालता येत. म्हणून खुराडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. जे काही पाहिलं ते भिंतीवर.

मागच्या कुडाला खालून दोन बोटं फट ठेव, हवा खेळेल आणि मुंगूस शिरणार नाही, असं त्यानं सांगितलं. तिनं आपली दोन बोटं घालून फट मोजली. चारी पायांना एकेक वीट ठेव, सारखी, असं सांगितलं. तिनं ठेवली. तख्त्याखाली मागून तीन बोटांची लाकडी चिपटी मार, म्हणजे उतार घराकडं येईल, असं सांगितलं. तेव्हा मात्र ती हातातली चिपटी घेऊन ओसरीवर आली.

"अवो, पण पाणी त तिकडं जाते."

"कोनतं पाणी?"

"न्हाणीचं. आपलं परस गंगूबाईकडं उतरतं हाय."

"पाणी अन् अंडं एक हाय का, केशर? मी आठ साल रेचे बसवले. तख्ता मले नको शिकवू."

परसात रोज तिचाच पाय पडत होता, जमीन पाच बोटं तरी खाली जाते हे तिच्या पायाला ठाऊक होतं. पण भिंतीपाशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत किती दिवसांनी तेज आलं होतं. ते घालवायला तिची जीभ धजली नाही. तिनं चिपटी मारली. ज्या तिघी-चौघींना ही गोष्ट तिनं नंतर सांगितली त्यांनी तिला शहाणी म्हटलं नाही. मीही म्हणत नाही. पण त्यांच्या घरांत मरणाला टेकलेला कारागीर नव्हता.

बाराव्या दिवशी कोंबड्या खुराड्यात गेल्या. काबरी, लाल आणि बोडकी. सकाळी ज्वारीचे दाणे आणि पाणी ठेवायचं, कडी घालायची, संध्याकाळी तासभर डोळ्यांपुढं मोकळं सोडायचं, असा नेम ठरला. डोमाजीनं भिंतीवर चित्राखाली रेघा ओढायला जागा सोडली. एक अंडं, एक रेघ.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी काबरी कोकलली. अंडं दिल्यावर कोंबडी जी बोंब मारते ती साऱ्या गावाला कळते. डोमाजीनं रेघ ओढली. संध्याकाळी केशरबाई वेचणीवरून आली, तशीच परसात गेली आणि रिकाम्या हातानं परत आली.

"नाई जी."

"नाई कसं? मी आयकलं."

"खोक्यात नुसती रुई हाय."

तिसऱ्या दिवशी लाल कोकलली. चौथ्या दिवशी दोघी. डोमाजी रेघा ओढत गेला, केशरबाई रुई चाचपत राहिली. कोंबड्या अंडी फोडून खात असतील म्हणून तिनं दाण्यात चुना मिसळला. मुंगूस येत असेल म्हणून दाराला दुसरी कडी लावली. डोमाजीची भाकरी अर्ध्यावर आली, मग चतकोरावर. खोकल्याबरोबर लाल धागा येऊ लागला. तो तिला दिसू नये म्हणून तो फडकं मुठीत धरी, आणि आपल्याला दिसला हे त्याला कळू नये म्हणून ती दुसरीकडं बघे.

सात रेघा झाल्या त्या संध्याकाळी त्यानं तिला जवळ बोलावलं.

"केशर, खरं सांग. तू इकून राह्यली का अंडे?"

ती उभीच राहिली. दिवसभर बोंडांच्या टोकांनी बोटं फाटलेली, डोक्यावर वेचणीचा फडका तसाच.

"इकले असते त घरात तेल दिसलं असतं," ती म्हणाली. "अंधारात जेवून राह्यलो आपण, तुमाले दिसून नाई राह्यलं का?"

तो भिंतीकडं तोंड करून झोपला. त्या रात्री दोघांनी एकमेकांना पाणीही विचारलं नाही.

इकडं हे चालू असताना कुंपणापलीकडं काय चाललं होतं ते आम्हाला नंतर कळलं.

कोंबडीच्या भांडणानंतर गंगूबाईनं कुंपण बुजवायला निंदलेलं गवत आणि वाळलेली पानं काट्यांच्या बुडाशी रचली होती, गुडघाभर, मऊ. एका सकाळी ती वांगी तोडायला वाकली तर गवतातून घसरून आलेलं एक अंडं वाफ्यात पडलेलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्याला दोन.

आता वाफ्यात अंडं दिसलं तर कोंबडीनं दिलं असेल असं दुसऱ्या कोणालाही वाटलं असतं. गंगूबाईला वाटलं नाही. कोंबड्या तर कडीत होत्या, ते तिनं स्वतःच कुंपणातून रोज पाहिलं होतं. मग अंडं येतं कुठून? आमच्याकडं शेतात लिंबू, अंडं, कुंकू दिसलं की त्याचा अर्थ एकच. कोणीतरी करणी केली. कुंकू आणि लिंबू नव्हतं, ते पुढं येईल, असं शेषरावाचं मत पडलं. त्या वाफ्याला पाणी देणं त्यानं थांबवलं. गंगूबाईनं हात न लावता प्रत्येक अंड्यावर एकेक कवेलू उपडं घातलं, भोवती राखेची रेघ मारली, आणि जीव मुठीत धरून मोजत राहिली. ती मोजायला पक्की. बाजारात वांगं कमी-जास्त झालं नाही तिच्या हातून कधी.

आठवा दिवस होता. केशरबाईनं मनाशी ठरवलं होतं की उद्या तिन्ही कोंबड्या बाळापूरच्या बाजारात विकायच्या आणि जेवढं दूध येईल तेवढं आणायचं. एकदाच येईल, पण येईल. ती डालं शोधत होती तेवढ्यात गंगूबाई गल्लीत येऊन उभी राहिली. मागं शेषराव, त्याच्या मागं जमेल तेवढं गाव. वस्तीत पाऊल न टाकता वस्तीशी भांडायचं म्हणून ती रस्त्यावरूनच बोलू लागली.

बोलली ते सगळं सांगत नाही. एका कोंबडीपायी माझ्या शेतावर करणी करते, माझ्या नवऱ्याला ताप आणते, तुझा मरतो आहे तो माझ्यावर ढकलते, अशा अर्थाचं बरंच होतं. शेवटचं ऐकून वस्तीतली माणसं पुढं सरकली. केशरबाई ओसरीखाली उतरली. तिचा आवाज चढला नाही.

"करणी करायले देव लागते, गंगूबाई. आमचे देव नदीत गेले पाच साल झाले. त्यांच्या फळीवर आता कोंबड्या बसते."

"मंग अंडे कोन टाकून राह्यलं? माहा बाप? रोज येते, रोज. अकरा झाले आजलोक, अकरा."

खाटेवरून डोमाजीचा आवाज आला. त्यानं दोनदा विचारलं तेव्हा लोकांना ऐकू गेलं.

"किती म्हनली?"

"अकरा," गंगूबाई म्हणाली. "मोजून ठेवले हायेत."

डोमाजीनं भिंतीकडं मान वळवली. कोळशाच्या रेघांवरून बोट फिरवत गेला. एकदा पुढून, एकदा मागून. मग त्यानं पाय खाली सोडले.

"केशर, लोटाभर पानी घे. अन् मले धर."

एकोणीस पावलं. आठव्याला तो थांबला, बाराव्याला भिंतीला टेकला, सोळाव्याला केशरबाईनं त्याला जवळजवळ उचललंच. सारं गाव मुकाट्यानं घराला वळसा घालून परसाशी आलं. गंगूबाई पळत जाऊन कुंपणापलीकडं आपल्या वाफ्यात उभी राहिली. डोमाजीनं आपलं खुराडं पहिल्यांदा पाहिलं. किती सुबक विणलं होतं ते. त्यानं कुडावर हात फिरवला. मग खाली बसला आणि कोंबड्यांच्या पायांतून देव्हाऱ्याच्या फळीवर लोटा ओतला.

पाणी क्षणभर थांबलं. विचार करावा तसं. मग हळूच मागं वळलं, कुडाखालच्या फटीतून गेलं, गंगूबाईच्या गवतात उतरलं, आणि वाफ्यात तिच्या पायाशी येऊन थांबलं.

कोणी हसलं नाही. शेषराव तेवढा ताप उतरल्यासारखा नीट उभा राहिला. डोमाजी त्या ओल्या रेघेकडं बघत होता. केशरबाईनं फट आपल्या बोटांनी मोजली होती, वेचणी करून जाड झालेल्या बोटांनी. त्याची बोटं आता तुराटीएवढी उरली होती. त्याच्या मापानं अंडं अडलं असतं. पण ते तो बोलला नाही, आणि पाण्याचं मी सांगितलं होतं हे तीही बोलली नाही. त्या घरात त्या दिवशी एवढी तरी शिल्लक पडली.

"मागून एक ईट पायजे," तो म्हणाला.

वीट कुठं होती? ओट्याच्या चारच निघाल्या होत्या. वस्तीत मातीची घरं. लोक एकमेकांकडं बघू लागले. गंगूबाई पाठमोरी झाली, विहिरीच्या थारोळ्याकडं गेली, आणि पक्की भाजलेली एक वीट घेऊन आली. ती मधोमध फोडली की दोन्ही पायांना दोन तुकडे होतात हे शेषरावानं सांगितलं आणि कुऱ्हाडीच्या पाठीनं करूनही दिलं. गंगूबाईनं तुकडे कुंपणातून अलीकडं सरकवले. जमिनीवर ठेवले, हातात दिले नाहीत. एवढी सुधारणा आमच्या गावात अजून यायची होती.

"ईट माही हाय," ती म्हणाली. "वापस लागीन."

मग तिनं राखेच्या रेघा पायानं पुसल्या, कवेलू उचलले, आणि माळेला धक्का लागू नये म्हणून खुरप्यानं एकेक अंडं सुपात लोटलं. सूपही तसंच सरकलं. केशरबाईनं गंजात पाणी घेऊन अंडी सोडली. सात बुडाली, चार तरंगली. तरंगली ती नासकी. ती चार तिनं बाजूला ठेवली तेव्हा तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. दोन दिवसांचं डोमाजीचं जेवण होतं ते. नासकी अंडी गंगूबाईनं परत मागितली आणि वांग्याच्या बुडाशी पुरली. त्या वर्षी त्या वाफ्यातलं वांगं बाळापूरच्या बाजारात कोणाच्या पाटीत नव्हतं एवढं मोठं आलं. खत कोणतं घातलं हे तिनं गिऱ्हाइकांना सांगितलं नाही. निम्मी गिऱ्हाइकं माळकरी होती.

त्या संध्याकाळी डोमाजीनं दोन अंडी खाल्ली. एक उकडलेलं, एक तसंच चुलीच्या राखेत भाजलेलं. खाऊन झाल्यावर बराच वेळ तो तख्त्याचं चित्र बघत राहिला.

"उतार चुकला नोता, केशर," तो म्हणाला. "तख्ता बराबर होता. आपल्याले जमीनच वाकडी भेटली."

"हो जी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात तो एकटा होता. काबरी कोकलली. डोमाजीनं कोळसा उचलला, पण रेघ ओढली नाही. ऐकत राहिला. परसाच्या दारातून लाकडावर काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला आणि रुईत थांबला.

ही गोष्ट इथंच संपवली असती तर बरं झालं असतं. पण हिशेब अर्धा ठेवणं बरं नाही. डोमाजीनं होळी पाहिली. डॉक्टरांपेक्षा एवढं त्यानं जास्त मिळवलं. होळीनंतर अठरा दिवसांनी, उन्हं चढायच्या आधी, तो गेला. भिंतीवर एकशे त्रेसष्ट रेघा होत्या. शेवटच्या नऊ रेघांची अंडी टोपल्यात तशीच होती, कारण शेवटच्या पाच दिवसांत त्याच्या घशाखाली काही उतरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई परसात बसली होती. घरात बायका होत्या, त्यांना चुकवून आली होती. कुंपणापलीकडं गंगूबाई येऊन उभी राहिली. गंगूबाई वस्तीतल्या मौतीला आली नव्हती, येणारही नव्हती. केशरबाईला वाटलं, ही आपली वीट मागायला आली. तिनं उठून खुराड्याच्या मागच्या पायाशी हात घातला. आत कोंबड्या फडफडल्या.

"राहू दे ते," गंगूबाई म्हणाली.

"तुही हाय."

"माही हाय म्हणूनच सांगून राह्यलो, राहू दे. काढशीन त अंडे पुन्हा माह्या वाफ्यात येतीन." ती खाली वाकली, वाफ्यातून मूठभर सांबार उपटला, मुळांची माती झटकली, आणि काट्यांवरून हात लांब करून धरला. "घे. हात दुखून राह्यला माहा."